डेटाची तिजोरी, खिशाला परवडणारी!

वर्क फ्रॉम होम आलं, घरात फाइल्सचे ढीग साठले आणि एका रविवारी हार्ड डिस्कने मान टाकली. मग सुरू झाला स्वस्त आणि मस्त 'नॅस'चा शोध... लॅमिंग्टन रोडपासून थेट नाशिकपर्यंतचा!

टक्... टक्... टक्...

जुलै २०२५ मधली रविवारची सकाळ. बाहेर पाऊस, हातात चहा, आणि टेबलावरच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमधून हा आवाज. आधी वाटलं पंख्याचा असेल. पंखा बंद केला. आवाज चालूच. लॅपटॉपवर डिस्क दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. तिसऱ्यांदा गेली ती गेलीच.

बायको किचनमधून म्हणाली, "अरे, मुलुंडच्या फ्लॅटची ड्रॉइंग्ज त्यावरच आहेत ना?"

होती. ती इंटिरियर डिझायनर आहे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरून. ठाण्यातल्या आमच्या वन बीएचकेमध्ये डायनिंग टेबल हेच आमचं कॉर्पोरेट ऑफिस! आणि त्या ऑफिसचा सगळा कारभार एका डिस्कवर. तिची ड्रॉइंग्ज, थ्रीडी रेंडर्स, माझे टॅक्सचे कागद, लग्नाचे फोटो. आणि बाबांची पेटी.

या पेटीबद्दल सांगायला हवं. बाबा पेटी वाजवायचे. हौशीच, पण छान. १९९४ च्या सुमारास घरीच टेपवर रेकॉर्ड केलेल्या त्यांच्या कॅसेट्स होत्या. २००९ मध्ये कॉलेजच्या सुट्टीत मी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्या. एकूण २२ फाइल्स. २०१६ मध्ये ठाण्याला घर हलवताना कॅसेट्स टाकून दिल्या. म्हटलं, आता सगळं डिजिटल आहे, कशाला धूळ सांभाळा? बाबा २०१९ मध्ये गेले.

डेटा रिकव्हरीवाल्याने ३८ हजार रुपये सांगितले, तेही 'मिळालं तर'. चार दिवसांनी त्याचा फोन आला. आतल्या तबकडीवरच ओरखडे पडलेत, काही मिळणार नाही. बायकोने मुलुंडची ड्रॉइंग्ज तीन आठवडे रात्री जागून पुन्हा काढली. बाबांची पेटी मात्र पुन्हा कोण वाजवणार?

आता तुम्ही म्हणाल, एवढा कॉम्प्युटरवाला माणूस आणि बॅकअप नाही? बरोबर आहे. शिंप्याचं पोर उघडं, तशातली गत! म्हणून हा सगळा प्रपंच. मी केलेली चूक तुम्ही करू नये एवढ्यासाठी.

नॅस म्हणजे काय रे भाऊ?

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या मराठीत सांगायचं तर स्क्रीन आणि कीबोर्ड नसलेला एक छोटा कॉम्प्युटर, ज्याच्या पोटात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात. एक केबल तुमच्या वाय-फाय राउटरला, एक प्लगला. बस्स. मग घरातला प्रत्येक लॅपटॉप, फोन, टीव्ही त्यातल्या फाइल्स बघू शकतो. 'पेन ड्राइव्ह कुठंय?' ही आरोळी घरातून कायमची हद्दपार!

एक्स्टर्नल डिस्क आणि नॅस यांच्यात मुख्य फरक हा, की नॅस आपलं काम आपण करतो. आपण आठवण ठेवून डिस्क जोडायची, कॉपी मारायची ही भानगड नाही. रात्री दोन वाजता तो लॅपटॉपवरचं नवीन सगळं ओढून घेतो आणि सकाळी काही बिनसलं असेल तर मेल पाठवतो. बॅकअपच्या बाबतीत माणसाच्या शिस्तीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे मी ३८ हजारांचं कोटेशन वाचून शिकलो.

क्लाउड आहे की!

हा पहिला प्रश्न ऑफिसमधल्या प्रत्येकाने विचारला. क्लाउड आहे, आणि चांगलाही आहे. पण गूगलचे फुकटचे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. फोटोंची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. पुढे दर महिन्याचं भाडं सुरू. भाडं थांबलं की फाइल्सचंही अवघड होतं.

दुसरी गोष्ट वेगाची. दोन टीबी डेटा ५० एमबीपीएस अपलोडने वर चढवायचा तर सलग पावणेचार दिवस लागतात. तोच घरातल्या नॅसवर, चांगल्या केबलने, पाच तासांत जातो.

पण थांबा. तुमचा एकूण डेटा २००-३०० जीबीच्या आत असेल, एकटेच असाल, व्हिडिओ आणि थ्रीडी वगैरेची कामं नसतील, तर तुम्हाला नॅस नकोच! एक एक्स्टर्नल डिस्क आणि एक क्लाउड प्लॅन, एवढ्यात भागेल. उरलेल्या पैशांत गोव्याला जाऊन या. खरंच सांगतोय.

चार रस्ते

आमचा डेटा मोजला. वाचलेलं, पेन ड्राइव्हवरचं आणि मेलमधून काढलेलं मिळून १.१ टीबी. बायकोच्या कामामुळे वर्षाला साधारण ४०० जीबी वाढतो. पाच वर्षांचा हिशेब ३.१ टीबी. म्हणजे चार टीबी पुरे. हा हिशेब आधी करा, नाहीतर दुकानदार तुम्हाला सोळा टीबी विकल्याशिवाय सोडणार नाही. आणि हो, चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबीच दिसते. फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

मग चार रस्ते दिसले.

पहिला, फुकटातला. बऱ्याच राउटरना मागे यूएसबी पोर्ट असतो. त्यात जुनी डिस्क खोचली की झाला गरिबाचा नॅस. चालतो, पण रडतखडत. आणि डिस्क एकच, म्हणजे पुन्हा टक् टक् टक्.

दुसरा, जुगाडवाला. माळ्यावरचा जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय घ्यायचा आणि त्यावर ओपनमीडियाव्हॉल्टसारखं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ पासून यूएसबी ३ आणि गिगाबिट लॅन दोन्ही मिळतं, त्यामुळे हा रस्ता खोटा नाही. ज्यांना रविवारी लिनक्सशी झटापट करण्यात मजा येते त्यांनी जरूर करा. मला येते. पण बायकोचा प्रश्न साधा होता. "तू बंगलोरला गेलास आणि हे बंद पडलं, तर मी कोणाला फोन करू?" रस्ता बंद.

तिसरा, एका डिस्कचा तयार डबा, म्हणजे 'पर्सनल क्लाउड'. दिसायला सुंदर, लावायला सोपा. पण जून २०२१ मध्ये जे झालं ते आठवा. वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या डब्यांवर इंटरनेटवरून हल्ला झाला आणि जगभरातल्या अनेकांचे डबे एका रात्रीत रिकामे झाले. त्या मॉडेलला कंपनीचे अपडेट २०१५ पासूनच बंद होते. डबा चालू होता, राखणदार कधीच निघून गेला होता! त्यामुळे कुठलाही डबा घेताना पहिला प्रश्न हा, की याला अपडेट किती वर्षं मिळणार?

चौथा रस्ता दोन डिस्कच्या नॅसचा. घर आणि छोट्या ऑफिससाठी हाच मला पटला. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टॉर या तैवानच्या कंपन्या, शिवाय टेरामास्टर वगैरे नावं आहेतच. मी घेतलेल्या मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात. पारखायचं कसं ते महत्त्वाचं.

एक मात्र बघा, डबा कोणत्याही कंपनीची डिस्क स्वीकारतो का? सिनॉलॉजीने २०२५ च्या आपल्या 'प्लस' मॉडेलांसाठी स्वतःच्याच किंवा मान्यता दिलेल्याच डिस्क हव्यात अशी अट घातली होती. ग्राहकांनी एवढा गोंधळ घातला, की ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या सॉफ्टवेअरबरोबर हार्ड डिस्कपुरती ती मागे घ्यावी लागली. ग्राहक बोलला की फरक पडतो, मंडळी!

आरशातली डिस्क

दोन डिस्क कशाला? तर 'रेड'साठी. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधा आणि त्यातली एखादी गेली तरी काम चालू राहील अशी व्यवस्था करा, ही त्यामागची कल्पना. रेडमधला 'आय' हा मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्ताचा. आपल्यासारख्यांसाठीच की!

दोन डिस्कच्या नॅसमध्ये 'रेड १' वापरतात. एका डिस्कवर जे लिहिलं ते तसंच्या तसं दुसरीवर. आरसाच. त्यामुळे चार-चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा आठ नाही, चारच टीबी मिळते. एक डिस्क गेली तर दुसरीवर काम चालू. नवीन आणून बसवली की पुन्हा आरसा तयार.

पण इथेच लोक फसतात. आरशासमोर मिशी उडवली की आरशातल्याचीही उडते! चुकून फोल्डर डिलीट केलं की दोन्ही डिस्कवरून गेलं. व्हायरस आला, दोन्हीकडे. चोरी झाली, दोन्ही गेल्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य डब्यावर चिकटवून ठेवा.

आणि डिस्क जातातच. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचा हिशेब दरवर्षी जाहीर करते. २०२४ मध्ये त्यातल्या १.५७ टक्के गेल्या. शंभरात दीड. कमी वाटतं ना? मलाही वाटलं असतं, जर ती दीड माझी नसती तर.

लॅमिंग्टन रोडची वारी

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी नवरात्र चालू असताना... नाही, रविवारी निम्मी दुकानं बंद असतील म्हणून शनिवारी निघालो. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण हे नाव सांगितलं तर टॅक्सीवालासुद्धा तुमच्या तोंडाकडे बघतो.

पहिल्या दुकानदाराने सीसीटीव्हीवाली डिस्क पुढे केली. "बॉस, यही लो. चौबीस घंटा चलता है." चालते, पण ती कॅमेऱ्याचं सलग रेकॉर्डिंग लिहिण्यासाठी बनवलेली असते. दुसऱ्याने साधी डेस्कटॉपची स्वस्तातली डिस्क दाखवली. इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ.

डिस्कमध्ये दोन जाती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलारू घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. कमी जागेत जास्त माल मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची कौलंही उचकटावी लागतात! वाचायला ठीक, पण पुन्हा पुन्हा लिहायला हळू. आणि नॅसमध्ये एक डिस्क बदलून आरसा नव्याने भरायची वेळ आली, की ही डिस्क जीव काढते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' डिस्कमधल्या काही एसएमआर निघाल्या आणि मोठा वाद झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. सीगेटच्या 'आयर्नवुल्फ' डिस्क सीएमआर आहेत. दुकानात जाऊन फक्त एवढंच म्हणायचं, "नॅसवाली, सीएमआर, तीन वर्षं वॉरंटी." दुकानदाराचा सूर लगेच बदलतो. अनुभव आहे!

दोन डिस्क मी मुद्दाम दोन दुकानांतून घेतल्या. एकाच खोक्यातून निघालेल्या जुळ्या डिस्क एकाच सुमाराला आजारी पडण्याची भीती जास्त. घरी येऊन दोन्हींचे सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासली. बिल पक्कंच घ्या. कच्च्या बिलात वाचलेले पैसे वॉरंटीच्या वेळी वसूल होतात.

चौकट : आमचं बिल

दोन डिस्कचा नॅस : १८,५०० रुपये
चार टीबीच्या दोन डिस्क : २३,००० रुपये
छोटा यूपीएस : ३,५०० रुपये
गिगाबिट स्विच आणि केबल : २,००० रुपये
बाहेरच्या प्रतीसाठी एक्स्टर्नल डिस्क : ९,५०० रुपये
एकूण : ५६,५०० रुपये

बजेट चाळीस हजारांचं होतं, हे बायकोला माहीत आहे. पाच वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला साधारण ९४० रुपये. दोघांच्या मल्टिप्लेक्सच्या एका संध्याकाळीइतके, पॉपकॉर्नसकट! वीज म्हणाल, तर २० वॅट धरून चोवीस तासांचे महिन्याला १४-१५ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी दीडशेच्या आत. हे भाव सप्टेंबर २०२५ चे आहेत. डिस्कचे भाव सोन्यासारखे वरखाली होतात, तुम्ही घ्याल त्या आठवड्याचा भाव बघा.

घरी आल्यावरची गंमत

नॅस लावला, आणि ४० जीबीचं फोल्डर कॉपी व्हायला पाऊण तासाच्या वर लागला. बायकोचा चेहरा बघण्यासारखा! चूक नॅसची नव्हती. ब्रॉडबँडवाल्याने दिलेल्या राउटरचे लॅन पोर्ट जुने, १०० एमबीपीएसचे. त्यातून सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात. गिगाबिट स्विच मध्ये लावल्यावर तेच फोल्डर सहा-सात मिनिटांत. तेव्हा नॅसवर वीस हजार घालण्याआधी राउटरच्या मागे डोकावून बघा. केबल साधी 'कॅट ५-ई' पुरते, महागडी घेऊ नका.

यूपीएस का, ते तिसऱ्या दिवशी कळलं. कामाला येणाऱ्या मावशींनी नॅसचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला. चटणी वाटेपर्यंत यूपीएसने तग धरला! लिहिणं चालू असताना अचानक वीज जाणं हे डिस्कला सगळ्यात वाईट. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडली की बॅटरी संपत आल्यावर नॅस स्वतःहून शांतपणे झोपतो.

आणि आवाज. साडेतीन इंची डिस्क रात्री घरघरते. बेडरूममध्ये ठेवू नका. आमचा हॉलमधल्या बुककेसवर, हवा लागेल असा आहे. बंद कपाटात कोंडला तर तापतो.

शेवटची गोष्ट, दाराला कडी. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर व्हायरसनी इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस गाठले, फाइल्सना कुलूप घातलं आणि बिटकॉइन मागितले. त्यामुळे नॅस सरळ इंटरनेटवर उघडा ठेवायचाच नाही. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग बंद. 'ॲडमिन' नावाचं खातं बंद, पासवर्ड लांबलचक, वर फोनवर येणारा कोड. अपडेट आपोआप. बाहेरून फाइल हवीच असेल तर व्हीपीएन.

तीन, दोन, एक

बॅकअपचा एक सोनेरी नियम आहे, अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे लोकप्रिय झालेला. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

घराबाहेर कशाला, असं वाटत असेल तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या दिवशी तळमजल्यावरच्या घरांत कपाटंच्या कपाटं पाण्याखाली गेली. एका कपाटात तीन प्रती ठेवल्या असत्या तर तिन्ही भिजल्या असत्या.

आमची घराबाहेरची प्रत नाशिकला दादाकडे असते. दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी जातंच. एक्स्टर्नल डिस्क भरून, पासवर्डचं कुलूप लावून पाठवायची. खर्च शून्य, वर येताना वहिनीचा चिवडा! ज्यांचं नाशिक नाही त्यांनी निवडक फाइल्स क्लाउडवर ठेवाव्यात. सगळ्या नाही, फक्त ज्या गेल्या तर रडू येईल त्या.

आणि वर्षातून एकदा बॅकअप उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वापरलेली छत्री, पावसात कळतं भोक कुठे आहे ते. तारीख सोपी आहे. ३१ मार्च हा जगभर 'वर्ल्ड बॅकअप डे' असतो. आपल्याकडे त्या दिवशी नाहीतरी हिशेब मिटवायचेच असतात.

आणि पेटी?

नाशिकचा विचार डोक्यात आला तोच मुळी पेटीमुळे. डिस्क गेल्यावर महिनाभराने मी दादाला फोन केला. सांगायला जीभ रेटत नव्हती. तो सगळं ऐकून म्हणाला, "अरे, तू मला एक सीडी दिली होतीस ना? २०१० ला, दिवाळीत?"

मला आठवतसुद्धा नव्हतं. वहिनीने कपाटातून शोधून काढली. सीडी पिवळसर पडली होती, चार ठिकाणी अडकत होती. तरी २२ पैकी नऊ फाइल्स निघाल्या. तेरा गेल्या त्या गेल्याच. पण नऊ वाचल्या. कशामुळे? कुठलं रेड नव्हतं, यूपीएस नव्हता. फक्त एक प्रत दीडशे किलोमीटरवर दुसऱ्याच्या कपाटात होती.

२ ऑक्टोबरला दसरा होता. लहानपणी बाबा दसऱ्याला पेटीची पूजा करायचे. यंदा आम्ही नॅसला झेंडूची फुलं वाहिली, आईने हळद-कुंकू लावलं (फक्त डब्याला, पोर्टमध्ये नाही!). त्यावर पहिल्यांदा कॉपी केल्या त्या या नऊ फाइल्स. मग टीव्हीवर एक लावली. भीमपलास. मागे कुकरची शिट्टी, कोणाचं तरी खोकणं, आणि शेवटी बाबांचा आवाज, "झालं रे, बंद कर."

आई काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "परत लाव."